बेळगावात भाड्याचं घर : कुठल्या भागात बघावं, काय तपासावं?

वाटसरू
नमस्कार. जूनपासून आम्ही चौघं बेळगावला येतोय. एकाची नोकरी उद्यमबागेतल्या कारखान्यात, सकाळची ठरलेली पाळी. दुसरीची नेहरू नगरला हॉस्पिटलात, तिथे रात्रपाळीसुद्धा. मुलगा चौथीत जाईल, मराठी माध्यम. सोबत सत्तरीचे वडील, गुडघे दुखतात. महाराष्ट्र पासिंगची एक कार आणि एक दुचाकी. शहरात ओळखीचं कुणी नाही. मे महिन्यात दोन फेऱ्या मारून घरं बघू, प्रत्येक वेळी दोन दिवस. जाहिरातींत टिळकवाडी, भाग्यनगर, सदाशिव नगर, वडगाव, गणेशपूर, हनुमान नगर अशी नावं दिसतात, पण एवढ्याशा शहरात भाड्यात इतका फरक का ते कळत नाही. भाग कसा निवडायचा आणि घर बघताना काय विचारायचं?

जांभा_दगड
आधी नकाशा डोक्यात बसवा. उद्यमबाग शहराच्या दक्षिणेला, खानापूर रोडवर. नेहरू नगर उत्तरेला. मध्ये रेल्वे, कॅम्प आणि बाजारपेठ. दोन्ही कामांच्या मधोमध घर घ्यावं असं वाटेल. ते करू नका. रात्रपाळी ज्याची, त्याच्या कामाजवळ घर घ्या. रात्री उशिरा आणि पहाटे सिटी बस विरळ असते, पावसात रिक्षाही पटकन मिळत नाही. सकाळच्या पाळीला मात्र रस्ता मोकळा असतो आणि दुचाकीने शहर सहज ओलांडता येतं.

त्या हिशेबाने तुमचं पहिलं शोधक्षेत्र : सदाशिव नगर, शिवबसव नगर, नेहरू नगर, वैभव नगर, हनुमान नगर, सह्याद्री नगर. दुसरं, तेही पहिल्यात काही बसलं नाही तरच : टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर, राणी चन्नम्मा नगर, अनगोळ. मराठी शेजार, शाळा, मंगल कार्यालयं, भाजी हे सगळं दुसऱ्या पट्ट्यात जास्त जवळ आहे, म्हणूनच तिकडे मागणी आणि भाडं चढं. रामतीर्थ नगर, महांतेश नगर ही पूर्वेकडची आखीव वसाहत, रस्ते रुंद. पण उद्यमबागेला रोज जाण्यासाठी तिथून सगळं शहर पार करावं लागतं.

टिळकवाडीत रेल्वेमार्ग आडवा येतो. तिसऱ्या गेटावर उड्डाणपूल आहे, बाकीच्या गेटांवर गाडी जाईपर्यंत थांबावं लागतं. त्या भागात घर बघताना रोजचा रस्ता गेट ओलांडतो का ते बघा आणि एकदा सकाळी साडेआठला स्वतः जाऊन या. नकाशावरचं अंतर तिथे फसवतं.

गणपत गल्ली, खडेबाजार, रविवार पेठ, पाटील गल्ली या जुन्या पेठांत खोल्या स्वस्त मिळतात, पण कार उभी करायला जागा नाही आणि जिने अरुंद, उंच. वडिलांसाठी तो भाग सोडूनच द्या.

मागावरचा_धागा
वडगाव, खासबाग, शहापूर यांबद्दल एक भर. हे विणकरांचे भाग. घराच्या भिंतीला लागून यंत्रमाग असेल तर दिवसभर खडखड असते आणि तळमजल्याच्या फरशीला थरथर जाणवते. घर नेमकं जेवणाच्या सुट्टीत किंवा वीज गेलेली असताना दाखवलं, तर काही कळत नाही. सकाळी अकराला किंवा दुपारी चारला जा, खिडक्या उघडून पाच मिनिटं गप्प उभं राहा. रात्री नऊनंतर माग चालतात का ते समोरच्या घरी विचारा. घरमालक सहसा ‘सवय होते’ म्हणतात.

उद्यमबागेच्या अगदी लगत, मजगावच्या बाजूला बघत असाल तर फौंड्री कुठे आहे ते पाहा. फौंड्रीची काळी बारीक धूळ खिडकीच्या आतल्या चौकटीवर बसते. पांढऱ्या रुमालाने चौकट पुसली की लगेच कळतं.

मार्कंडेय_काठ
भाड्यातल्या फरकाचं मोठं कारण पाणी. बाकी सगळं नंतर.

बेळगावला राकसकोप जलाशयाचं आणि हिडकल धरणाचं पाणी येतं. चोवीस तास पाण्याचा पथदर्शी प्रकल्प दहा प्रभागांत झाला. त्याबाहेर पाणी काही दिवसांआड येतं आणि एप्रिल-मेमध्ये किंवा जलवाहिनी फुटली की हे अंतर वाढतं. एका रस्त्याच्या अलीकडे चोवीस तास आणि पलीकडे चार-पाच दिवसांआड असंही होतं. म्हणून ‘या भागात पाणी कसं आहे’ असं विचारू नका. ‘या गल्लीत, या नळाला, मागच्या मे महिन्यात किती दिवसांनी आणि किती वेळ पाणी आलं’ असं विचारा. मालकाला विचारा, शेजारच्या बाईंनाही विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर शेजारणीचं खरं धरा.

आता साठवण. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण. चौघांना ५४० लिटर. पाणी पाच दिवसांआड येत असेल तर २,७०० लिटर, आणि एखादी पाळी चुकेल म्हणून वर पाचवा हिस्सा धरला की सुमारे ३,२०० लिटर साठवण हवी. गच्चीवरची टाकी बहुतेक ५०० किंवा १,००० लिटरची असते, म्हणजे खरा भार जमिनीतल्या टाकीवर. तिला इकडे ‘संप’ म्हणतात. संपाचं झाकण उघडायला लावा आणि टेपने मोजा. लांबी × रुंदी × खोली फुटांत काढून २८.३ ने गुणलं की लिटर येतात. ५ × ४ × ५ फुटांचा संप म्हणजे १०० घनफूट, २,८३० लिटर. पण तळाचं अर्धा फूट पाणी गाळाचं, ते मोटर ओढत नाही. ते वजा जाता उरतात सुमारे २,५५०.

संप किती घरांचा मिळून आहे, हे विचारायला लोक विसरतात. तीन बिऱ्हाडं असतील तर आकडा तिनाने भागा. मोटरचं बटण कोणाकडे आणि मोटरचं वीजबिल कोणाच्या मीटरवर, हेही तिथेच विचारून घ्या. सामाईक संपावरची भांडणं याच दोन गोष्टींवरून होतात.

विहीर किंवा बोअर असेल तर उत्तम, पण वापरायला. विहिरीपासून सेप्टिक टँक किती दूर आहे ते बघा. पश्चिमेकडे जांभ्या दगडाची जमीन आहे, तिच्यातून पाणी सहज झिरपतं. पावसाळ्यात विहीर तुडुंब भरते तेव्हाच शोषखड्ड्याचं पाणी तिच्यात मिसळण्याची भीती जास्त. ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. बोअरचं पाणी जड असेल तर नळाच्या तोंडावर आणि गिझरच्या जोडाजवळ पांढरा थर दिसतो.

वाटसरू
हे फार उपयोगी. संप मोजायचं डोक्यातच नव्हतं. वडिलांमुळे तळमजलाच बघायचा असं ठरवलं होतं. ते बरोबर आहे ना?

पागोळी
तळमजला घ्या, पण ओल बघून. तुम्ही घर बघणार मे महिन्यात आणि राहणार पावसाळ्यात, ही मुख्य अडचण. मे महिन्यात बेळगावातलं प्रत्येक घर कोरडं दिसतं. जून ते सप्टेंबर पाऊस पश्चिमेकडून तिरका येतो आणि दिवसेंदिवस ऊन पडत नाही. म्हणून भिंतीवर मागच्या पावसाची खूण शोधायची.

पश्चिमेची आणि दक्षिणेची बाहेरची भिंत आधी गाठा. तिच्यावर छज्जा किंवा कौलाची पागोळी किती पुढे आली आहे? दोन फुटांपेक्षा कमी असेल तर पाऊस थेट भिंतीवर. आतून त्याच भिंतीचं कपाट उघडा. रंग बाहेरच्या भिंतींना देतात, कपाटाच्या आत सहसा देत नाहीत, त्यामुळे बुरशीचे डाग आणि कुबट वास तिथे राहतो. जमिनीपासून फूट-दीड फूट उंचीपर्यंत पापुद्रे आणि पांढरा खार असेल तर ओल पायातून वर चढते आहे. त्यावर रंगाचा उपाय नाही. खिडकीच्या वर, लिंटलच्या रेषेत तपकिरी ओघळ असतील तर छज्जाच्या सांध्यातून पाणी येतं, ते मालक दुरुस्त करून देऊ शकतात. एकाच भिंतीला नवा रंग आणि बाकीच्या जुन्या, असं दिसलं तर त्या भिंतीवर नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज आला की गिलावा सुटलेला आहे.

तळमजल्यासाठी जोत्याची उंची महत्त्वाची. रस्त्यापासून जोतं निदान दोन फूट वर हवं. रस्ते काँक्रीटचे होताना कित्येक ठिकाणी उंच झाले आणि जुनी घरं खाली राहिली. फाटकातून आत जाताना उतार लागत असेल तर जोराच्या सरीत अंगणाचं तळं होणार. पण दोन फूट जोतं म्हणजे चार पायऱ्या, त्यांना कठडा आहे का बघा. नसेल तर करार करण्याआधी लोखंडी पाईपचा कठडा बसवून मागा. त्याला फार खर्च येत नाही, बहुतेक मालक तयार होतात.

कपडे वाळवायची जागा झाकलेली हवी. गच्चीवर पत्र्याची शेड नसेल तर चार महिने कपडे खोलीत वाळतात आणि ओल आणखी वाढते.

मार्कंडेय_काठ
@पागोळी, पाणी साचण्याबद्दल भागवार सांगायला हवं. बळ्ळारी नाल्याच्या पट्ट्यात, म्हणजे वडगाव, शहापूर, येळ्ळूर रोडच्या बाजूला भाताच्या शेतांत नव्या वसाहती झाल्या आहेत. काळी चिकण जमीन, भाताला उत्तम, कारण पाणी धरून ठेवते. घराला तेच नडतं. उन्हाळ्यात ती आकसते, पावसात फुगते आणि भिंतींना तिरक्या भेगा जातात. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग, ज्यात पाच रुपयांचं नाणं उभं शिरतं, असं घर नको. उभ्या केसासारख्या बारीक भेगा गिलाव्याच्या असतात, त्यांची काळजी नाही.

तिथे गेलात तर किराणा दुकानात एकच प्रश्न विचारा : २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आलं होतं? माणसं हाताने भिंतीवर उंची दाखवतात.

आणखी एक, ड्रेनेज. शहराच्या कडेच्या वसाहतींत भुयारी गटार नसेल तर शोषखड्डा असतो. जुलैत जमीन पाण्याने भरली की शोषखड्डा पाणी घेत नाही आणि संडास तुंबतो. ‘मागच्या पावसाळ्यात मैला उपसायची गाडी बोलवावी लागली का आणि पैसे कोणी दिले’ असं सरळ विचारा.

आर_आर_नंबर
वीज. इथली वीज कंपनी हेस्कॉम. मीटरच्या जोडणीला आर. आर. नंबर म्हणतात, बिलावर असतो. राज्य सरकारच्या गृहज्योती योजनेत घरगुती ग्राहकाला महिना २०० युनिटच्या मर्यादेत वीज मोफत मिळते आणि ती भाडेकरूलाही लागू आहे. जुलै २०२३ च्या वापरापासून सुरू झाली. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

सरसकट २०० युनिट फुकट नाहीत. त्या जोडणीच्या २०२२-२३ च्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून मोफत युनिट ठरवले होते. आधी तिथे एकटा माणूस राहत असेल तर त्या जोडणीचा आकडा लहान असू शकतो. त्यावरचे युनिट पैसे देऊन, आणि महिन्यात २०० ओलांडले तर सगळं बिल भरायचं. मालकाकडे मागच्या तीन महिन्यांची बिलं मागा, मोफत किती लागू झाले ते त्यांत दिसतं.

योजना आधार क्रमांक आणि आर. आर. नंबर यांच्या जोडणीवर चालते, सरकारच्या सेवासिंधू संकेतस्थळावर. आधीच्या भाडेकरूने जाताना आपलं आधार सोडवलेलं नसेल तर तुमची नोंदणी अडते. चावी घेण्याआधी ते सोडवून घ्या. गेलेला माणूस नंतर फोन उचलेल याची खात्री नसते.

तिसरं, स्वतंत्र आर. आर. नंबरच हवा. सबमीटर लावून दोन-तीन बिऱ्हाडं एकाच जोडणीवर असतील तर सगळ्यांचे मिळून २०० युनिट सहज ओलांडतात.

गिझरचा हिशेब करून ठेवा. दोन किलोवॅटचा गिझर रोज एक तास म्हणजे महिन्याला ६० युनिट. सोलर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, जून ते सप्टेंबर त्यातून कोमट पाणीही येत नाही. न्हाणीघरात १६ अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग आहे का बघा.

वाटसरू
कराराबद्दल कुणी सांगेल का? आमच्याकडे लिव्ह अँड लायसन्स ऑनलाईन नोंदवतात. इथे एका मालकांनी ‘भाडं नको, लीजवर घ्या’ म्हटलं. म्हणजे काय?

दस्तऐवज
दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ मुळे प्रत्येक लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो. कर्नाटकात ती पद्धत नाही. इथे ई-स्टॅम्पवर अकरा महिन्यांचा भाडेकरार, दोन साक्षीदार, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, बऱ्याचदा नोटरी. अकराच महिने का, तर एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ खाली नोंदवणं बंधनकारक आहे. करार कन्नड किंवा इंग्रजीत असेल. कन्नडमधला मसुदा वाचून घेतल्याशिवाय सही नको. मराठीतला अर्थ दुसऱ्या कागदावर लिहून घ्या आणि आकडे स्वतः ताडून बघा.

करारात या गोष्टी नावाने हव्यात : अनामत किती, किती दिवसांत परत, रंगाचे पैसे कापणार का आणि किती, दरवर्षी भाडेवाढ किती टक्के, दोन्हीकडून नोटीस किती, पाणीपट्टी आणि सामाईक मोटरचं बिल कोण भरणार, गाडी कुठे उभी राहणार. अनामत रोख देऊ नका. भाडं वर्षाला एक लाखाच्या वर जात असेल आणि घरभाडे भत्त्यावर करसवलत घ्यायची असेल तर मालकांचा पॅन लागतो. तो आधीच मागा, नंतर काही जण द्यायला तयार नसतात.

‘लीज’ म्हणजे इकडे वेगळं. दोन-तीन वर्षांसाठी मोठी रक्कम एकदम मालकांकडे ठेवायची, महिन्याला भाडं नाही, सोडताना रक्कम बिनव्याजी परत. समजा पाच लाख ठेवले आणि बँकेत त्यावर सात टक्के मिळाले असते, तर वर्षाला ३५,००० म्हणजे महिन्याला सुमारे २,९०० रुपये भाडं झालं. हिशेब आकर्षक दिसतो. धोका परतफेडीत आहे. मालकांनी ती रक्कम कर्ज फेडायला वापरलेली असते आणि पुढचा लीजवाला मिळेपर्यंत तुमचे पैसे अडकतात. घरावर बँकेचं कर्ज थकलं तर बँकेचा हक्क आधी. घ्यायचंच असेल तर नोंदणी खात्याच्या कावेरी ऑनलाईन संकेतस्थळावरून मालमत्तेचा बोजा दाखला, म्हणजे ई. सी., काढून बघा आणि करार नोंदवा. गावात नवीन असताना, ओळखपाळख नसताना लीजवर घर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मालक खरा आहे का यासाठी घरपट्टीची पावती आणि वीजबिल यांवरचं नाव जुळवा. पंचायत हद्दीत (हिंडलगा, गणेशपूर, पिरनवाडी, मच्छे, कंग्राळी) असाल तर पंचायतीचा कर उतारा बघा.

जांभा_दगड
कॅम्पात घर बघत असाल तर तो भाग लष्करी छावणीचा. रस्ते शांत, झाडं मोठी, हवा चांगली. पण जुन्या बंगल्यांच्या दुरुस्तीला परवानगी लागते, त्यामुळे गळकं छप्पर मालकांना मनात असूनही पटकन बदलता येत नाही. तिथे छप्पर जसं दिसतं तसंच राहणार असं धरून चाला.

वाटसरू
खानापूर किंवा चंदगडच्या बाजूला राहून ये-जा केली तर? तिकडे भाडं बरंच कमी दिसतं.

पागोळी
खानापूर बेळगावहून सुमारे २६ किलोमीटर. रोज ५२, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर १,३०० किलोमीटर. कार लिटरला १५ देत असेल तर ८७ लिटर, पेट्रोल शंभर रुपये धरलं तरी ८,७०० रुपये. वर गणेबैलचा टोल. दुचाकीने ४५ च्या सरासरीने २९ लिटर, २,९०० रुपये, पण जुलैत त्या रस्त्यावर रोज दुचाकी चालवणं सोपं नाही. भाड्यातली बचत तिथेच संपते. खानापूरकडे पाऊसही बेळगावपेक्षा जास्त, झाडं तारांवर पडून वीज जाते. काम खानापुरातच असेल तरच तिकडे राहा.

शिनोळी_फाटा
चंदगड बाजूला शिनोळीत महाराष्ट्राची औद्योगिक वसाहत आहे. तिथे काम आणि बेळगावात घर असं असेल तर हिंडलगा, विजयनगर, गणेशपूर बरोबर. उलटं, म्हणजे घर महाराष्ट्रात आणि काम नेहरू नगरला, हे करू नका. सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही दिवस सीमेवरच्या बाचीच्या पलीकडे-अलीकडे थांबतात. रात्रपाळीच्या माणसाला ते चालणार नाही.

निपाणीबद्दल कुणी वाचत असेल तर : कागलच्या वसाहतीत नोकरी असेल तर निपाणी सोयीची, पण मध्ये कोगनोळीचा टोल आहे. महिन्याचा स्थानिक पास टोलनाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला मिळतो, घर ठरवण्याआधी तेवढं अंतर मोजा. निपाणीला रेल्वे नाही. तंबाखूच्या वखारीजवळ घर नको, हंगामात उग्र वास आणि धूळ येते. दम्याच्या माणसाला ती सोसत नाही. वेदगंगेच्या बाजूला यमगर्णीजवळ महापुरात महामार्गावरही पाणी येतं.

पाटी_पेन्सिल
शाळेचं. कर्नाटकातल्या शाळा मे अखेरीला किंवा जूनच्या सुरुवातीला सुरू होतात, महाराष्ट्राच्या आधी. म्हणजे तुमचं सामान मे संपण्याआधी आलं पाहिजे. कन्नड भाषा शिक्षण कायदा २०१५ चा, त्यामुळे कन्नड विषय प्रत्येक शाळेत आहे, मराठी माध्यमातही. चौथीतल्या बाकी मुलांचं कन्नड पहिलीपासून झालेलं असेल. मे महिन्यातच अक्षरओळख करून द्या. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे, क ख ग घ, ळसुद्धा आहे. नवीन फक्त ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ. रोज पाच अक्षरं घेतली तर महिन्यात वाचता येतं. पुढे अवघड जातं ते जोडाक्षर, कारण दुसरं अक्षर खाली लटकवतात.

महाराष्ट्रातून येताना शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी, आणि यू-डायसचा पेन नंबर, म्हणजे मुलाचा कायमचा शिक्षण क्रमांक, आणा. प्रतिस्वाक्षरी राहिली तर तेवढ्यासाठी परत जावं लागतं. मराठी शाळा ठरवताना चौथीच्या वर्गाची पटसंख्या विचारा आणि सातवीपर्यंतच आहे की दहावीपर्यंत तेही विचारा. मग त्या शाळेपासून चालत दहा-पंधरा मिनिटांत घर शोधा. शाळा आधी, घर नंतर. उलट केलं तर मुलाला दोन रिक्षा बदलाव्या लागतात.

आर_आर_नंबर
गाडीचं राहिलं. दुसऱ्या राज्याची गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर नोंदणी बदलावी लागते. मूळ आर. टी. ओ. कडून ना-हरकत, इथे आजीवन कर, मग के. ए. २२ नंबर. मूळ राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळतो, त्याचा अर्ज वेगळा. येण्याआधी ना-हरकतीची चौकशी करून ठेवा आणि इकडे आल्याच्या तारखेचा पुरावा, टोलची पावती किंवा भाडेकरार, गाडीत ठेवा.

बसबद्दल : शक्ती योजनेत ११ जून २०२३ पासून महिलांना राज्याच्या साध्या बसमध्ये राज्यात कुठेही तिकीट नाही, सिटी बससुद्धा. पण ओळखपत्रावर कर्नाटकचा पत्ता हवा. महाराष्ट्राच्या आधारवर तिकीट काढावं लागतं. आधारचा पत्ता बदलायला नोंदवलेला भाडेकरार असेल तर अडचण येत नाही, साध्या नोटरीवर कधी कधी परत पाठवतात. तेव्हा पत्त्याच्या पुराव्यासाठी गॅस जोडणी नव्या पत्त्यावर आधी करून घ्या. जुन्या ठिकाणी सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर आणा. सिलिंडर टेम्पोत घालून आणू नका.

जांभा_दगड
सामान हलवायचे दिवस टाळण्यासारखे : १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव), गणेश विसर्जनाचा शेवटचा दिवस आणि शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र. बेळगावात शिवजयंतीची मिरवणूक वैशाखात निघते, म्हणजे तुमच्या मे महिन्याच्या फेरीच्या आसपास येऊ शकते. शहराच्या मध्यातून टेम्पो जाणार नाही. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असतं, तेव्हा हलग्याच्या बाजूला बंदोबस्त आणि हॉटेलात खोल्या मिळेनात.

घर शोधायला तरुण भारतच्या छोट्या जाहिराती बघा की, आणि गल्लीतून चालत फिरा. बरीच चांगली घरं फक्त फाटकावरच्या पाटीवर असतात. उत्तरेकडच्या भागात पाटी कन्नडमध्ये असेल. ‘बाडिगेगे’ म्हणजे भाड्याने. चार वाक्यं पाठ करा : ‘बाडिगे एष्टु?’ भाडं किती. ‘मुंगड एष्टु?’ अनामत किती. ‘नीरु एष्टु दिनक्के बरत्ते?’ पाणी किती दिवसांनी येतं. ‘मीटर बेरे इदेया?’ मीटर वेगळं आहे का. पुढे बहुतेक मालक मराठीतच बोलतील.

वाटसरू
पहिली फेरी झाली. दोन घरं उरली आहेत.
(१) सदाशिव नगर, तळमजला, दोन खोल्या आणि हॉल, स्वतंत्र मीटर. संप ४ × ४ × ५ फूट, तीन बिऱ्हाडांचा मिळून. पाणी चार दिवसांआड. पश्चिमेची भिंत शेजारच्या इमारतीने झाकलेली. जोतं अडीच फूट, कठडा नाही.
(२) हिंदवाडी, पहिला मजला, चोवीस तास पाणी, नळाला मीटर. जिना बाहेरून, १९ पायऱ्या, वर छप्पर नाही. पश्चिमेच्या खोलीत कपाटात बुरशीचा वास. भाडं जवळजवळ सारखंच.

मार्कंडेय_काठ
पहिल्याचा हिशेब : ४ × ४ × ४.५ म्हणजे ७२ घनफूट, सुमारे २,०४० लिटर. तिघांत भागले तर ६८० लिटर. तुमची रोजची गरज ५४०. चार दिवसांना २,१६० हवेत, म्हणजे दीड हजार लिटरची तूट. गच्चीवर तुमच्या नावाची वेगळी १,००० ची टाकी असेल तरी ती संपातूनच भरणार, त्यामुळे तिचा आकडा वेगळा धरू नका. पाणी येण्याच्या दिवशीच ती भरून घेता आली आणि संप पुन्हा भरला, तरच ती जमेत. मागच्या बाजूला २,००० लिटरची प्लास्टिकची टाकी जमिनीवर ठेवून नळाची थेट जोडणी तिला घेता येते का, हे विचारा. जागा आणि जोडणी मालक देत असतील तर टाकी तुम्ही घ्या, सोडताना घेऊन जाल.

पागोळी
दुसरं घर वडिलांसाठी नको. उघड्या जिन्याच्या १९ पायऱ्या जुलैत शेवाळतात, तरणी माणसंही घसरतात. कपाटातला वास मे महिन्यात येतोय म्हणजे ओल जुनी आहे. पहिल्याची झाकलेली पश्चिम भिंत मोठी जमेची बाजू. कठडा मागून घ्या.

दस्तऐवज
पहिलं घेणार असाल तर टाकीची जागा, नळाची थेट जोडणी आणि पायऱ्यांचा कठडा, तिन्ही करारात लिहून घ्या आणि ‘ताबा देण्यापूर्वी’ हे शब्द घाला. ताबा घेताना मीटरचं रीडिंग, भिंती, संपाचं झाकण आणि नळ यांचे फोटो मालकांच्या समोर काढून त्यांनाच त्या वेळी पाठवा. आर. आर. नंबरवरचं जुनं आधार सुटलं का ते बघूनच अनामतीचा दुसरा हप्ता द्या.

वाटसरू
मालक टाकीला जागा द्यायला तयार आहेत, कठडा ते बसवून देतील. थेट जोडणीसाठी प्लंबर उद्या येतोय. नळाची ताकद टाकीच्या तोंडापर्यंत पुरेल का हे कसं कळेल?

मार्कंडेय_काठ
पाणी येण्याच्या दिवशीच प्लंबरला बोलवा. नळाला पारदर्शक पाईप लावून तोंड वर धरा. टाकीचं तोंड जमिनीपासून जेवढ्या उंचीवर येईल, तिथवर धार आली पाहिजे. नंतर वीस लिटरची बादली भरायला किती मिनिटं लागतात ते बघा. दोन मिनिटं लागली तर तासाला ६०० लिटर, म्हणजे २,००० ची टाकी भरायला तीन तास वीस मिनिटं. पाणी त्यापेक्षा कमी वेळ राहत असेल तर टाकी जमिनीच्या पातळीवरच, ओट्याशिवाय ठेवा. पाणी जितकं कमी उंच चढावं लागेल तितकी धार वाढते.